थोरलीवरचा पहिला आक्षेप

भूविवर प्रयोगशाळेत सकाळी साडेसातला डॉ. वत्सला मुजुमदार बारावा आक्षेप लिहायला बसल्या तेव्हा बाहेर एक्केचाळीस अंश तापमान होतं. आधीचे अकरा आक्षेप तीन वर्षांत आपत्ती समितीच्या दप्तरी दाखल झाले होते. ते सगळे गुहा क्रमांक दोनवर होते, आणि ती गुहा शोधून काढणाऱ्या डॉ. चारुता मुजुमदार या वत्सलाच्या सख्ख्या धाकट्या बहीण होत्या.

खैरमाळच्या डोंगरात लाव्हारस वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या दोन लांबलचक नळ्या होत्या. पहिली वत्सलानं शोधली, दुसरी चार वर्षांनी चारुतानं. उन्हाळा पन्नाशीला टेकायला लागला, वीज आठ-आठ तास जायला लागली, तेव्हा शासनानं या नळ्यांना 'उष्मानिवारा' म्हणून मान्यता दिली. कागदोपत्री त्या क्रमांक एक आणि दोन होत्या. गावानं मात्र त्यांची नावं थोरली आणि धाकटी अशी ठेवली, आणि त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

धाकटी सुरेख गार होती. आत चोवीस अंश! बाया पापड लाटायला तिकडे जात. वर्तमानपत्रात धाकटीचा रंगीत फोटो आला, थोरलीला एका ओळीत उरकलं. वत्सला जळत होती. हे ती स्वतःशी तरी कबूल करत असे, कारण डोळ्यांसमोरचं निरीक्षण नाकारायची तिला सवय नव्हती. तो फोटो तिनं कापून ठेवला होता आणि दाढ दुखत असताना जीभ तिथंच जावी तसा तो अधूनमधून काढून बघत होती.

तिच्या आक्षेपांमागे शास्त्रही होतं, हे सांगायला हवं. समितीच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्ष घोरपडे यांनी विचारलं होतं, "मॅडम, गुहा गार आहे हाच तुमचा आक्षेप? लोक गारव्यासाठीच तर जाणार!"

"गार आहे कारण तिथली हवा हलत नाही," वत्सला म्हणाली. "धाकटीला तोंड एकच, आणि ती आत उतरत जाते. थंड हवा जड असते, तळाशी बसते. तो शीतकोश आहे, माठासारखा. त्यात हजार माणसं बसवा. ती श्वास सोडणार, कर्बवायू साठणार, आणि तो जायला वाट नाही. आधी डोकं दुखेल, मग झोप येईल. माणसाला वाटेल, गारव्यानं डोळा लागतोय."

"आणि थोरली?"

"थोरली श्वसनगुहा आहे. तिला दोन तोंडं आहेत, एक पायथ्याला, एक चाळीस मीटर वर. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड, म्हणून ती खालच्या तोंडातून बाहेर ओघळते आणि वरच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. तिला ना पंखा लागतो ना वीज. आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक हाच तिचा श्वास. जिथे तो फरक संपतो, तिथे श्वास संपतो."

हे शेवटचं वाक्य घोरपड्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते इतिवृत्तात घेतलं.

चारुता समोरच बसली होती. ती फक्त म्हणाली, "ताईचं बरोबर आहे. मी पंखे बसवते."

आणि तिनं ते बसवले. पाचव्या आक्षेपानंतर बॅटरीवरचे आठ पंखे, सहाव्यानंतर दर वीस पावलांवर कर्बवायूमापक, सातव्यानंतर तारेचा फोन. फोनला दुसरं टोक लागतं, म्हणून एक थोरलीतही बसला. नवव्या आक्षेपानंतर धाकटीची क्षमता बाराशेवरून पाचशेवर आली. प्रत्येक वेळी चारुतानं मान डोलावून काम उरकलं, आणि प्रत्येक वेळी वत्सलाचं पित्त खवळलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दहावा आक्षेप गुहेच्या पाटीच्या रंगाबद्दल होता. अकरावा पापडांबद्दल. तेव्हापासून समितीनं तिचे कागद उघडणंही सोडलं होतं.

थोरलीत मापक नव्हता. तिथे वरच्या तोंडाशी आईच्या जुन्या इंदुरी साडीची एक पट्टी टांगलेली होती, गुहेचा श्वास बघायला. उन्हाळाभर पट्टी आतल्या बाजूला फडफडत असे. वत्सलानं मोजमापं केली ती सगळी उन्हाळ्यात, कारण निवारा उन्हाळ्यासाठीच होता. माणसांची मर्यादा कुणी ठरवली नव्हती. श्वास घेणाऱ्या गुहेला मर्यादा कशाला?

बारावा आक्षेप अर्ध्यावर असताना भोंगा वाजला. उष्माबंदी जाहीर झाली होती. दुपारी पन्नास अंश, वीज बंद, सगळ्यांनी निवाऱ्यात जायचं.

वत्सलाचा जीव एका गोष्टीत अडकला होता, ती म्हणजे आप्पा कुठे बसतील. आप्पा मुजुमदार, वय ब्याऐंशी, निवृत्त भूगोल शिक्षक, एक फुप्फुस जवळजवळ निकामी. चारुतानं धाकटीत त्यांच्यासाठी आरामखुर्ची ठेवली होती, शेजारी पंखा. डोंगराच्या फाट्यावर गाडी थांबली, आप्पांनी काठी टेकली आणि डावीकडे वळले.

"आप्पा, धाकटी उजवीकडे आहे," चारुता म्हणाली.

"ठाऊक आहे मला. मी वत्साच्या गुहेत बसणार."

वत्सलाच्या मनात फटाके फुटले. साठीला आलेल्या बाईनं इतकं हरखून जावं हे शोभत नव्हतं, पण ती हरखली. तिनं त्यांना स्वतः हात धरून आत नेलं, आतल्या वळणावर फोनशेजारी, जिथून वरची पट्टी दिसे, सतरंजी घालून बसवलं. धाकटीत पाचशे भरल्यावर उरलेले सगळे थोरलीतच येत होते. नऊशे माणसं झाली. वर साडीची पट्टी जोरात फडफडत होती.

मग ती धाकटीत गेली. थोरलीत तिनं थांबायला हवं होतं, पण हातात मापक होता आणि मनात तो अर्धा आक्षेप. धाकटी चुकते कुठे हे आज तिला बघायचं होतं.

धाकटी कुठेच चुकत नव्हती. पंखे चालू होते, मापकांवर हिरवे दिवे होते, माणसं निवांत बसली होती. वत्सला तीन तास कानाकोपऱ्यात मापक धरून फिरली. तिला दोष सापडण्याची इतकी आस लागली होती की तळाच्या खोबणीत कर्बवायूचा शेकडा एक हा आकडा दिसला तेव्हा तिला आनंद झाला. चारुतानं लगेच एक पंखा तिकडे वळवला आणि आकडा उतरला.

एकच्या सुमारास पश्चिमेला काळाकुट्ट ढग चढला आणि गारा कोसळायला लागल्या, लिंबाएवढ्या. तास-दीड तासात पन्नासाचे तीस झाले, तिसाचे सत्तावीस. तिथे पारा थांबला. वीज कडाडत होती, त्यामुळे समितीचा निरोप आला की कुणीही बाहेर पडू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संकट टळलं होतं.

साडेतीनला तारेचा फोन वाजला. वत्सलानं उचलला.

"वत्सा, मी बोलतोय." आप्पांचा आवाज संथ होता. "फार छान गारवा पडलाय गं. सगळे पेंगुळलेत. शेजारचं पोर रडत होतं, तेही झोपलं. तुझी ती पट्टीसुद्धा दमली बघ. तासभर नुसती लोंबतेय."

"लोंबतेय?"

"अगदी सरळ. माझाही डोळा लागतोय. डोकं जरा ठणकतंय, ते पित्ताचं असेल."

वत्सलानं भिंतीवरचा, बाहेरचं तापमान दाखवणारा तापमापक पाहिला. बाहेर सत्तावीस. थोरलीच्या आत किती, हे तिला पाठ होतं. सत्तावीस. जिथे तो फरक संपतो, तिथे श्वास संपतो. वाक्य तिचंच होतं, तिनंच ते बहिणीच्या तोंडावर फेकलं होतं. पन्नास अंशांत थोरली सुरक्षित होती. गारवा आला आणि ती बंद पडली.

"आप्पा, सगळ्यांना उठवा! खालच्या तोंडाकडे चला!"

पलीकडून फोन सुटल्याचा आवाज आला.

'लोंबतेय' हा एक शब्द चारुतानं शेजारून ऐकला होता. ती पंख्यांचे खिळे उपसायला लागली होती. "चार इथे पुरतात, चार घेऊ. मापकही घे. डोक्यावर गादी धर, ताई."

दोन गुहांमधलं अंतर सहाशे पावलं होतं. बहिणी आणि आठ गावकरी गाद्या डोक्यावर घेऊन गारांतून धावले. थोरलीच्या खालच्या तोंडाशी मापकानं शेकडा दीड दाखवला. आत आणखी पन्नास पावलांवर अडीच. वळणापाशी तीन. सतरंज्यांवर माणसं गाढ झोपली होती, चेहरे लाल, श्वास भरभर. पंखे खालच्या तोंडाशी आतल्या दिशेनं लावले. वत्सला ओरडत होती, गालांवर चापट्या मारत होती. एकाला उठवलं की तो शेजारच्याला उठवत होता. काही वेळानं वर साडीची पट्टी हलली, पहिल्यांदाच उलट्या दिशेला, बाहेर.

नऊशेच्या नऊशे माणसं चालत किंवा खांद्यावर बाहेर आली. शेवटी आप्पा आले, वत्सलाच्या पाठीवर. त्यांचे ओठ निळे पडले होते. चारुता त्यांच्या छातीला कान लावून बसली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "आहेत."

चार दिवसांनी रुग्णालयात आप्पांच्या नाकातली प्राणवायूची नळी अजून होती. आता ती कायमची राहणार, असं डॉक्टर म्हणाले होते. खाटेच्या दोन बाजूंना दोन मुली बसल्या होत्या.

"तू खिळे काढायला लागलीस," वत्सला म्हणाली, "मी तुला काही सांगायच्या आधी. तुला कसं कळलं?"

चारुता खाली बघत राहिली. "मी दोन वर्षांपूर्वी हिशेब केला होता. बाहेर सत्तावीस झालं की थोरली थांबते. उन्हाळ्यात ते होणार नाही असं वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी गुहा आहे, ताई. मी कशी बोट ठेवणार? लोक म्हणाले असते, जळते म्हणून."

"आणि जळत नव्हतीस?"

"कशाला जळू?" चारुतानं खरोखर आश्चर्यानं विचारलं.

तीन वर्षांत वत्सलाला इतकं काही लागलं नव्हतं. धाकटी सुरक्षित होती, कारण कुणीतरी तिच्यावर रोज जळत होतं. थोरलीवर जळणारं कुणी नव्हतं. तिच्यावर नुसतं प्रेम होतं. वत्सलानं पर्समधून समितीचा कोरा आक्षेप-अर्ज काढला आणि बहिणीपुढे सरकवला. "थोरलीवर. लिही. एकूण एक खोट काढ."

चारुतानं लिहिलं: 'मापक बसवावेत ही नम्र विनंती.' मग पेन गालाला लावून बसली.

"एवढंच?"

"मला दुसरं सुचत नाही, ताई. इतकी छान गुहा आहे ती."

थोड्या वेळानं तिला वेगळंच आठवलं. "आप्पा, माझ्याकडे खुर्ची होती, पंखा होता. तरी तिकडे का गेलात?"

आप्पांनी नळी जरा सरकवली. त्यांना बोलायला दम लागत होता, म्हणून त्यांनी लपवाछपवी केली नाही. "पहिली वाट वत्सानं काढली. तू तिच्या वाटेनं गेलीस. लहानपणापासून तसंच. तू गुणी आहेस गं, पण माझं मन तिच्याकडे ओढतं. खुर्चीचा काय संबंध?"

चारुताचे कान लाल झाले होते. वत्सलाला तो रंग ओळखीचा होता, तो ती रोज आरशात बघत आली होती. तिला वाटलं, आत्ता उठावं, हिला जवळ घ्यावं, सांगावं की म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नकोस. ती अर्धवट उठलीही.

मग तिला सतरंज्यांवर झोपलेली नऊशे माणसं आठवली आणि ती परत बसली.

चारुतानं 'नम्र विनंती' खोडली. पेन कागदावर असं दाबलं की खालच्या पानावर ठसा उमटला असेल. ती लिहीत गेली, पान उलटलं, पुन्हा लिहीत गेली. शेवटी अर्ज न बघताच बहिणीच्या मांडीवर टाकला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

वत्सलानं वाचलं. मर्यादा नाही. मापक नाही. वळणाच्या पुढे दुसरी वाट नाही. मोजमापं फक्त उन्हाळ्यातली, म्हणजे अर्धवट, आणि ती करणाऱ्या शास्त्रज्ञानं नंतरची तीन वर्षं दुसऱ्याच्या गुहेत नाक खुपसण्यात घालवली. वरच्या तोंडाशी यंत्राऐवजी चिंधी. एकूण एक मुद्दा बोचरा होता, आणि एकही खोटा नव्हता.

तिनं अर्जाच्या डोक्यावर आकडा घातला, एक. थोरलीत आता कुणालाही बसवायला हरकत नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.