खुडबुडणारा कूलर

"मेलेले मासे कधी खुडबुडतात का रे?" सईने वीरच्या कानात विचारलं.

"नो वे, ताई!" वीरचे डोळे मोठे झाले.

उन्हाळ्याची सुट्टी होती. बाबांचे मित्र श्रीरंगकाका दोघा भावंडांना अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराबाहेरच्या तळ्यावर घेऊन आले होते. पार्किंगमध्ये लाल टोपीवाला एक माणूस पिकअपमध्ये भलाथोरला कूलर, म्हणजे बर्फाची पेटी, चढवत होता. "मासे आहेत!" कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तो गुरकावला. आणि कूलरमधून आवाज येत होता... खर्र... खर्र!

सईने धूम ठोकली ती थेट पार्कच्या ऑफिसर मिलरबाईंकडे.

"कूलर उघडा," मिलरबाई त्या माणसाला म्हणाल्या. त्याने त्यांना जोरात ढकललं, गाडीत उडी मारली आणि सुसाट निघाला! मिलरबाईंचा पाय मुरगळला. तशाच त्या जमिनीवरून ओरडल्या, "सर! फाटक लावा! मला तुमची मदत हवी आहे!"

सर म्हणजे श्रीरंगकाका! ते फाटकाजवळच्या बाकावर भेळ खात होते.

पिकअप तळ्याला वळसा घालून फाटकापाशी येणार होती. सई आणि वीर गवतातून आडवे धावले. दोघांनी लोखंडी फाटक ढकललं. ते जागचं हलेना!

"काका, या ना लवकर!"

"इकडे व्हा दोघं! पोलिसांची भानगड नको. माझं ग्रीन कार्डचं काम चाललंय, कळतंय का?"

काका असे कधी रागवायचे नाहीत. पण सई मागे हटली नाही.

"भानगड नाही काका, लॉ आहे! ऑफिसरने मदत मागितली तर नाही म्हणता येत नाही. आमच्या टीचरनी शिकवलंय. नाही केली तर गुन्हा आपला!"

"काय सांगतेस!"

काकांनी वळून पाहिलं. मिलरबाई उठायला बघत होत्या आणि पुन्हा कोलमडत होत्या. भेळेची प्लेट गवतात पडली.

"सरका, पोरांनो!" काकांनी खांदा लावला. कर्रर्र... फाटक फिरलं! काकांनी कडी घातली आणि दोघांना ओढत झाडामागे नेलं.

कचकन ब्रेक लागले! पिकअप फाटकाला टेकता टेकता थांबली. मिलरबाईंनी वायरलेसवर बोलावलेली पोलिसांची गाडी तेवढ्यात समोरून आलीच. टोपीवाल्याने मुकाट्याने हात वर केले.

कूलर उघडला, तर आत पिवळ्या ठिपक्यांची इवलीशी काळी कासवं, एकमेकांवर कोंबलेली!

"यांना पकडायला बंदी आहे. हा चोरून विकणार होता," मिलरबाई म्हणाल्या. त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "थँक यू, सर! वेळेवर धावलात."

काका ओशाळले. "मी कसला धावतोय! मी तर बसूनच राहिलो होतो. या मुलीने मला उठवलं."

"मग तिला सॅल्यूट!" असं म्हणत मिलरबाईंनी लंगडत्या पायावर ताठ उभं राहून सईला कडक सॅल्यूट ठोकला.

"आणि मी?" वीर ओरडला.

त्यालाही मिळाला, काकांकडून!