एका माणसाची सीट

सिस्टर इंदुमती साळवी बंद पडलेला स्टोव्ह काखेत घेऊन लोणावळ्याच्या हमरस्त्यावरच्या गॅरेजात शिरली, ती खरं तर पाऊस चुकवायला.

"बाई, हितं मोटारी दुरुस्त होत्यात," गाडीखालून आवाज आला.

"मग ह्याला लहान मोटार समजा. ह्याच्यावर सुया उकळते मी. उद्या लोहगडवाडीत पोरांना टोचायचंय."

सीताराम केदारी गाडीखालून सरपटत बाहेर आला. कुसगावचा गडी, तिशी ओलांडलेला, घाट चढून तापलेल्या मोटारींना पाणी पाजण्यात दहा वर्षं गेलेली. त्यानं बर्नर काढला, फुंकला, बारीक तार घालून छिद्र मोकळं केलं.

"घ्या. आता खंडाळ्याचा घाट चढंल."

इंदुमती मोठ्यानं हसली... आणि दचकली. स्वतःचं हसू तिनं बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं.

चिपळूणहून बदली होऊन मळवलीला आल्याला तिला दीड वर्ष झालं होतं. स्टेशनामागं एक खोली, खिडकीत धुकं, धुक्यात अर्धा दिसणारा लोहगड. दिवेलागणीला ती मोजत बसे — आज आपल्याशी किती माणसं बोलली? चाळीस. त्यांतली दुखणं सोडून काही बोलली किती? एक. तोही पोस्टमन, आणि पत्र शेजारच्यांचं.

त्या स्टोव्हला पुढं दर गुरुवारी काहीतरी होऊ लागलं. चांगल्या स्टोव्हचं असं होत नसतं, हे सीतारामलाही कळत होतं. पण तो फार मन लावून दुरुस्त करी. इतकं मन लावून, की एका पिनेच्या कामाला दोन चहा लागत.

"सिस्टर, तुमच्या इष्टूला कुनाची दिष्ट लागली म्हनावी?" सुईणपण करणारी चिमाबाई विचारी. ती इंदुमतीबरोबर वाड्यावस्त्या हिंडायची.

"जुना झालाय हो, मावशी."

"व्हय... गेल्या दिवाळीत तर घेतलाय!"

भाद्रपदात एक गोष्ट घडली. बंगला बंद करून मुंबईला निघालेल्या पारशी साहेबानं सीतारामला बोलावलं आणि दोन मोटरसायकली दाखवल्या. एक बुलेट, साडेतीनशे सीसीची. दुसरी लाल, परदेशी, दीडशेची. साहेबाच्या मुलानं शर्यतीसाठी आणलेली, बुटकी नि चपळ. "दहा वर्षं माझ्या गाड्या सांभाळल्यास. एक तुझी. दोन्ही गॅरेजात ने, चालवून बघ, रविवारपर्यंत कुठली ते ठरव."

सगळं गॅरेज बुलेटच्या बाजूनं. मालक भिकाजीशेठ तर म्हणाला, "अरे, बुलेट म्हंजी सोयरा, आला की गावाला कळतं. ती लाल म्हंजी शिवनाची मशीन!"

गुरुवारी इंदुमतीनं गॅरेजात उभ्या दोन्ही गाड्या निरखल्या. इंजिनातलं तिला काही कळत नव्हतं. सीटमधलं मात्र कळलं. बुलेटची सीट लांब, ऐसपैस, दोघांची. लालची इवलीशी, एकाच माणसाची. हिशेब सोपा होता. बुलेट घेतली, तर याच्या मनात कुणीतरी आहे. लाल घेतली, तर...

"कुठली घेणार?" तिनं कपबशीकडं बघत विचारलं.

"तुमी सांगा."

"मी कोण सांगणार?"

तो काहीतरी बोलणार होता. पण बाहेर एक मोटार वाफा सोडत थांबली, आणि तो पाण्याची बादली घेऊन धावला.

सोमवारी चिमाबाईनं बातमी आणली — केदाऱ्यानं लाल घेतली, समदी हसत्यात त्याला.

इंदुमती हसली नाही. तिनं कागद काढला आणि चिपळूणला बदली मागणारा अर्ज लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं, याचाच तिला राग आला. पुढच्या गुरुवारी स्टोव्ह घरीच राहिला. आता भांडं घासावं तशी संध्याकाळ घासून संपवायची, एवढंच काम उरलं. शनिवारी अर्ज टपालात पडायचा होता.

शनिवारी सकाळी दारात फटफट वाजली. लाल गाडी, आणि तिच्याबरोबर सीताराम. घामेजलेला, नवा सदरा घातलेला.

"इष्टू बरा हाय?"

"बरा आहे. आता बिघडणार नाही."

"आसं का?" त्याचा चेहरा पडला. मग धीर करून म्हणाला, "बसा."

"कुठं बसू? जागा एकाचीच ठेवलीत ना तुम्ही?"

"म्हनूनच म्हनतो. तुमी बसा. चालवा."

"मी...?"

"बुलेट लय जड. कलली तर तुमाला उचलायची न्हाई. बाकावर बसता तवा तुमचे पाय अधांतरी असत्यात, मी बघितलंय की. हिच्यावर टेकतील." तो आता हँडलशी बोलत होता. "भाजं, पाटण... सुयांचा डबा घिऊन रोज चिखलातनं जाता. वाईट वाटतं मला."

"पातळ नेसून मोटरसायकल? लोक काय म्हणतील!"

"काष्टा घालावा की!" फटफट ऐकून आलेली चिमाबाई मागून ओरडली. "आमी काष्ट्यात झाडावर चढतो, भात लावतो. ही तर बसल्या जागी जानारी!"

चिमाबाईनंच तिला आत नेऊन काष्टा घालून दिला. इंदुमती बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. दीड वर्षात पहिल्यांदाच मळवलीची जमीन तिला पायाखाली नीट लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते धुक्यावर ढकललं.

"आत टेबलावर एक कागद आहे," ती म्हणाली. "बदलीचा अर्ज. फाडून टाका."

सीतारामनं आत जाऊन तो फाडला. वाचायचा धीर त्याला झाला नाही. बाहेर आला तो तुकडे मुठीत धरूनच.

"एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "इथून चिपळूणला एस्टी आहे का?"

तो पांढराफटक पडला. "आता कशाला...?"

"आईला दाखवायचंय."

"गाडी?"

"गाडी एस्टीत कशी मावेल हो?"

सीतारामला समजायला अंमळ वेळ लागला. मग कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "हाय... सकाळची हाय एक. खिडकीची जागा तुमची."