बाटलीतलं गावचं पाणी

बाळांनो, आज जरा माझ्याबरोबर चला. कल्पना करा, तुम्ही अंगठ्याएवढे आहात आणि एका फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बसला आहात. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात आहे. आत अंधार. बाहेर रिक्षाचे हॉर्न, खड्डे, कुणाचं तरी खोकणं. ज्या पाण्यात तुम्ही जन्मभर राहिलात, त्यातलं ओंजळभर पाणी तेवढं सोबत आहे. मग खोकं उघडतं, अंगावर उजेड पडतो आणि कुणीतरी तुम्हाला भलत्याच पाण्यात टाकतं.

काय कराल? अंग आक्रसून घ्याल. दगडी प्रवाळ तेच करतं. ते दगडासारखं दिसत असलं, तरी त्यावर दाटीनं बारीक जीव राहत असतात. प्रत्येकाला एक तोंड, तोंडाभोवती इवली बोटं. भीती वाटली की बोटं आत जातात आणि उरतो नुसता खडा.

मी सुरतेतल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचो. आता तिथल्याच नवागाम भागात मुलाकडे राहतो. पुढच्या खोलीत माझी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आहे. भिंतीपलीकडे दिवसरात्र यंत्रमाग चालतात, त्यामुळे टाकीतल्या पाण्यावर सतत बारीक शहारा असतो. पाहुण्यांना त्या आवाजानं झोप येत नाही. आम्हाला तो थांबला की जाग येते.

त्या दिवसांत माझी नात चंचल आमच्याकडे आली होती. माझ्या मुलीची मुलगी, सात वर्षांची. मुलगी आजारात गेली. जावई ट्रकवर, महिनामहिना बाहेर. त्यांनी सांगून ठेवलं होतं, पोर तुमच्याकडे रुळली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर वसतिगृहात टाकतो.

पोर रुळत नव्हती. चंचल इथलं पाणीच पीत नव्हती. आमच्या खानदेशात पद्धत आहे, लेकरू परगावी गेलं की घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून सोबत द्यायचं आणि नव्या पाण्यात रोज चमचाभर मिसळायचं. म्हणजे पाणी बाधत नाही. चंचलच्या आईनं ती बाटली अंथरुणावर पडायच्या आधी स्वतः भरून ठेवली होती. सूनबाई रंजना रोज सकाळी पेल्यात त्यातलं चमचाभर घालायची, तेव्हा कुठे चंचल घोटभर प्यायची आणि मग भाकरीला हात लावायची. बाटली तळाला आली होती.

मी तिला नकाशा काढून दाखवला. तुमच्या गावावरून तापी वाहते, तीच सुरतेला येते, आपल्या नळाला तिचंच पाणी असतं. तिनं नकाशा नीट पाहिला आणि विचारलं, "मंग मायनं भरेल पानी कोनतं?"

मी नकाशाची घडी घातली.

प्रवाळ मी सुरतेतल्याच कोसाड भागातल्या एका वसाहतीतून विकत आणलं. समुद्रातून तोडलेलं प्रवाळ मी घरात आणत नाही. हा तुकडा एका मुलाच्या टाकीत वाढलेला होता. मुलाचं नाव योगेश. तो आता नव्हता. त्याची आई पुष्पाबाई टाकी मोडीत काढत होती. बाकी सगळं गेलं होतं, तळाशी मुठीएवढा एक फिकट खडा राहिला होता. योगेश गेल्यापासून हे उघडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. पिशवीला रबर लावताना त्यांनी विचारलं, घरी लहान मूल आहे का. मी आहे म्हटलं. त्यांचा हात थोडा वेळ थांबला, मग त्यांनी रबराचा आणखी एक वेढा दिला.

घरी आल्यावर मी चंचलला शेजारी बसवलं आणि सगळं दाखवत गेलो. आधी बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे ऊब सारखी होते. मग प्रवाळ त्याच्या जुन्या पाण्यासकट बादलीत घ्यायचं. टाकीतून एक बारीक नळी बादलीत सोडायची आणि नळीला सैल गाठ मारायची, म्हणजे पाणी धारेनं न येता थेंबाथेंबानं येतं. नवं पाणी असं हळूहळू जुन्यात मुरतं आणि आतल्याला धक्का बसत नाही. एकदम नाही, सवय होऊ द्यायची, असं मी तिला दोनदा सांगितलं. शिकवायची सवय जात नाही.

खारटपणा मोजायचं दुर्बिणीसारखं एक यंत्र माझ्याकडे आहे. बादलीतलं पाणी टाकीतल्यापेक्षा बरंच खारट होतं. थेंब पडत राहिले, बादली भरत आली, पण खारटपणा होता तिथेच राहिला. असं होऊ शकत नाही. मी काच पुसली, पुन्हा मोजलं. मग अर्धी बादली ओतून दिली आणि थेंब पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. यंत्र बिघडलं, असं मी ठरवलं आणि स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेलो.

परत आलो तर चंचल बादलीपाशी उकिडवी बसली होती. तिच्या हातात बाटली होती. रिकामी.

"त्याले भेव वाटस, नाना," ती म्हणाली. "त्याना गावनं नही, पन मना गावनं चाली."

मी रागावलो नाही. आईच्या हातचं शेवटचं पाणी जिनं एका खड्याला दिलं, तिला काय रागवायचं? रंजना मात्र दारात उभी राहून डोळे पुसत होती. उद्या हिला पाजायचं काय, एवढंच ती म्हणाली.

मी यंत्र उचललं. बादलीतलं पाणी आता तंतोतंत टाकीसारखं होतं.

प्रवाळ टाकीत तळाशी वाळूवर ठेवलं. नव्याला लगेच भर उजेडात बसवायचं नसतं, म्हणून दिव्यावर रंजनाच्या जुन्या साडीचा पदर टाकला. संध्याकाळी मुलगा कुंदन सचिन भागातल्या मिलमधून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "नाना, तुमचा धोंडा फुलला की."

खरंच उघडलं होतं. हिरवट, केसांसारखी बोटं सगळीकडून बाहेर आली होती आणि एकाच बाजूला झुकली होती. मी पंप पाहिला. पाण्याची ओढ उजवीकडे होती, बोटं डावीकडे. डावीकडे खाटेवर चंचल बसून पाटीवर चित्र काढत होती. ती उठून दारात गेली. बोटं हळूच दाराकडे वळली.

प्रवाळाला डोळे नसतात, हे मी तुम्हाला विज्ञानाचा माणूस म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून चंचल पाणी प्यायला लागली. भाकरी मागून घेऊ लागली. गल्लीतल्या मयुरीबरोबर ठिकरीचा डाव मांडला, आणि हरल्यावर गुजरातीत भांडली. कुंदननं जावयांना फोन करून सांगितलं, पोर रुळली, वसतिगृहाचं नाव काढू नका. त्या रात्री रंजनानं बऱ्याच दिवसांनी गोड केलं.

रिकामी झालेली बाटली आता रोज भरलेली असायची आणि चंचल त्यातलंच पाणी पेल्यात घालून घ्यायची. मला वाटत होतं, रंजना बाटलीत नळाचं पाणी भरून पोरीला फसवते आहे. रंजनाला वाटत होतं, मीच भरतो. हे आम्हाला एकदा भाजी निवडताना कळलं.

मी बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलेलं. समुद्राचं पाणी पिऊन लेकरू आजारी पडेल, म्हणून घाबरून मी बाटलीतला घोट तोंडात घेतला.

पाणी गोड होतं. त्याला गंजलेल्या रहाटाची किंचित चव होती. मुलीच्या सासरी गेलो की मी अंगणातल्या विहिरीचं पाणी प्यायचो, तीच ही चव.

मग टाकीतलं पाणी मोजलं. यंत्र म्हणालं, समुद्र. बोट बुडवून चाखलं. रहाट.

मी पुष्पाबाईंना फोन केला. प्रवाळ उघडलं, असं सांगितलं.

"कुणाकडे बघतंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"माझ्या योगेशकडेही असंच बघायचं," त्या म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं, आठवण सांगावी तशा बोलल्या. "खूप माया होती हो त्याची. नंतर योगेशला दुसरं पाणी चालेना."

एवढं बोलून त्यांनी चंचल जेवते का ते विचारलं आणि फोन ठेवला.

टाकी काढून टाकायचं मी त्या दिवशी ठरवलं. मग चंचल शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि टाकीपाशी जाऊन आईशी बोलावं तसं दिवसभराचं सगळं सांगू लागली. मी पाणी उपसायला आणलेली बादली परत जागेवर ठेवली.

त्याच आठवड्यात एकदा मागांची वीज गेली. दुपारी सगळे माग एकदम थांबले. नवागामात अशी शांतता झाली की मी खुर्चीतच जागा झालो.

कुठेतरी थेंब पडत होता.

टाकीच्या काठावरून माझी बारीक नळी खाली उतरली होती. खोलीतून, उंबऱ्यावरून, स्वयंपाकघरात गेली होती.

तिचं टोक आमच्या प्यायच्या माठात होतं.

माठापाशी चंचल उकिडवी बसली होती. तिनं नळीला गाठ मारली होती. मी शिकवली तशीच, सैल.

"कवापासून?" मी विचारलं.

"मायले ईचार," ती टाकीकडे हात करून म्हणाली.

मी वळून पाहिलं. बोटं आज चंचलकडे झुकलेली नव्हती. काही रंजनाच्या चुलीकडे, काही कुंदनच्या खाटेकडे होती. उरलेली माझ्याकडे.

चंचलनं माझा पेला घेतला आणि माठात बुडवला. मग तो दोन्ही हातांनी, न सांडता, माझ्यासमोर धरला.

"एकदम नको पिऊ, नाना," ती मायेनं म्हणाली. "सवय व्हऊ दे."

आणि मी पेला घेताच तिनं मोकळ्या झालेल्या हातांनी नळीची गाठ थोडी सैल केली.