मंगळवारी मेलेला स्वार

वर्नानं ऑरिनला पहिल्यांदा टोकलं ते कॉफीच्या रांगेत.

‘अहो, तुम्ही आत्ताच मेलात ना?’

‘मेलो... पण भूक कुठं मेलीय?’ तो हसला.

हॉलिवूडमधल्या त्या चिमुकल्या स्टुडिओत सहा दिवसांत एक काउबॉयपट उरकायचा. दरोडेखोर म्हणून मेलेले स्वार दुपारी शर्ट बदलून, तोंडाला रुमाल बांधून शेरीफच्या बाजूनं दौडायचे. कॅमेऱ्याशेजारी बसून अशा चुका टिपायच्या, हे वर्नाचं काम. नजर घारीची, पण स्वतःच्या मनात काय चाललंय, ते कळायला या बयेला अकरा सिनेमे लागले!

कळलं तेही ऑरिन निघाला तेव्हा. शनिवारचा शेवटचा शॉट झाला की तो नेवाडाला भावाकडे जाणार होता, घोडे पाळायला. कायमचा.

शॉट सुरू झाला. स्वार धुरळा उडवत टेकडी उतरले. आणि याच सिनेमात मंगळवारी दरोडेखोर म्हणून मेलेल्या ऑरिननं कॅमेऱ्यासमोर येताच रुमाल खाली ओढला... सरळ वर्नाकडे पाहिलं.

‘कट! काही चूक?’ दिग्दर्शक प्रॅटसाहेबांनी सवयीनं विचारलं.

‘आहे. ऑरिनचा चेहरा दिसला. परत घ्यायला हवं.’ चुकीचं तिला काही पडलं नव्हतं. तिला फक्त आणखी तासभर हवा होता.

‘परत?’ साहेब खो खो हसले. ‘पोरी, इथं कधी काही परत घेतलंय? घोडे दौडताना मेलेल्यांकडे कोण बघतंय! चला, आवरा!’

झालं. तास काही मिळाला नाही. वर्ना तडक तबेल्याशी गेली. ऑरिन खोगीर उतरवत होता.

‘रुमाल मुद्दाम काढलास.’

‘हो. एकदा तरी नीट बघावंस म्हणून. मी तर अकरा सिनेमे बघतोय तुझ्याकडे... रुमालाआडून.’

‘मग तोंडानं बोलायला काय झालं होतं?’

‘मला इथं संवाद कोण देतंय?’

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळेही भरले.

‘मी देते. एकच शब्द आहे. ‘राहतो’ म्हण.’

ऑरिन घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. चेष्टा कुठल्या कुठे पळाली होती.

‘राहतो,’ तो म्हणाला. ‘पण... भावाला काय कळवू?’

‘खरं ते कळव.’

‘वर्नावर जीव जडलाय, असं?’

‘असंच,’ ती म्हणाली. ‘आणि तिचाही जडलाय, तेवढं लिहायला विसरू नकोस.’