ओठांवरची हाक

औषधाच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं उभा आहे. गोळ्या देताना प्रत्येकाला बजावतो, "लिहून दिल्यात तेवढेच दिवस घ्या, मनाने वाढवू नका." आणि मीच घशाशी येणाऱ्या जळजळीवरची एक गोळी, जी डॉक्टरांनी फक्त बारा आठवडे सांगितली होती, ती नऊ महिने घेत राहिलो. हात लांबवला की पट्टी हाती येत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गोळी गुणाची होती, पोटातलं अन्न पुढे ढकलायची, छातीत काही चढायचं नाही. मग थांबायचं कशाला?

ओठ कधी हलायला लागले ते मला कळलं नाही. आधी गिऱ्हाइकांना कळलं. "काय म्हणालात?" असं चार-पाच जणांनी विचारल्यावर मी काउंटरच्या काचेत पाहिलं. खालचा ओठ पुढे यायचा, मिटायचा, जीभ दातांना टेकून मागे जायची. चघळायला तोंडात काहीही नव्हतं. दाबून धरलं की थांबायचं, लक्ष दुसरीकडे गेलं की पुन्हा सुरू. गोळीच्या पत्रकात बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. ते पत्रक मी शेकडो वेळा घडी घालून खोक्यात परत सरकवलं आहे.

घरी ताई आणि मी, दोघंच. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ वाचते. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते आणि एका वेलांटीवरून भल्याभल्या लेखकांना घाम फोडते. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं.

भाऊजी तिच्याशी बोलताना आवाज काढतच नसत, नुसते ओठ हलवत. भरल्या समारंभात ही दोघं दोन टोकांना बसून गप्पा मारायची आणि आम्ही मधले मुकाट जेवायचो. त्यांच्या घरातून आवाज असा एकदाच आला. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती, भाऊजी बाहेरच्या खोलीत कोसळले होते. ते हाका मारत होते हे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू आलं. ताई हात पुसत बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं. ते काय म्हणत होते, हे तिने शेजाऱ्यांना किती वेळा विचारलं असेल. आवाज आला, शब्द काही कळले नाहीत, एवढंच ते सांगत.

एका सुट्टीच्या सकाळी मी चहा घेत वर्तमानपत्र वाचत होतो. समोर ताई. एकदम ती म्हणाली, "हो का? मग इतके दिवस कुठे होतात?"

मी मान वर केली. "काय गं?"

"तुला नाही रे," असं म्हणून तिने कपबशी उचलली. तिचा चेहरा लाजल्यासारखा झाला होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं तोंड पाहिलं, किती दिवस गोळी घेतली ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "स्वतः औषधवाले ना तुम्ही? आजच बंद करा. बहुतेक थांबेल. पण उशीर झालाय, कदाचित जन्मभर राहील. एकेक दिवस महागात पडेल."

पण मला दुसरंच काही खात होतं: ताईने माझ्या ओठांवर काय वाचलं होतं? मी खोक्यावरची तारीख वाचल्याशिवाय साधं मलमही घेत नाही. म्हणून मी वाचत बसलेलो असताना माझ्या तोंडाचं तीन मिनिटांचं चित्रण फोनवर केलं आणि ताईच्या जुन्या शाळेतल्या बाईंकडे गेलो. ओठ वाचायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. त्यांनी चित्रण दोनदा पाहिलं आणि चष्मा काढला.

"एवढ्या काकुळतीला येऊन कुणाला बोलावताय?"

"मी?"

"'मास्तरीण, इकडे बघ. मास्तरीण, इकडे बघ, मला...' इथे तुटतं. मग पुन्हा पहिल्यापासून. कोण ही मास्तरीण?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

घरी आल्याआल्या ताईला विचारलं. तिने पेन्सिल मुद्रितावर ठेवली.

"ते मला म्हणायचे. त्यांच्या चुका काढते म्हणून. चारचौघांत कधी नाही."

"म्हणजे तू हे रोज..."

"रोजच. तूच तर सांगतोयस दोन महिने."

खिशातली पट्टी काढून मी म्हणालो की आजपासून गोळी बंद. तिने माझं मनगट धरलं. "आठ दिवस. फक्त आठ दिवस आणखी घे. त्या दिवशी माझी पाठ होती रे. पुढचं काय ते एकदा कळू दे, मग फेकून दे."

मी तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, सावकाश, स्पष्ट, प्रत्येक अक्षर तिला वाचता येईल असं. पण माझ्या शब्दांच्या मधूनमधून ओठ त्यांचं त्यांचं करतच होते. तिने मान डोलावली. माझ्या बोलण्याला की दुसऱ्या कशाला, कोण जाणे.

मी गोळी घेतली. मला भीती वाटत होती, पण तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. अर्धा तास तिने पापणी लववली नाही. मग हळूच मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"कळलं?"

"कळलं."

"काय म्हणाले?"

"'मला एकट्याला जायचं नाही.'"

ती उठली आणि तिने आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आता मी तुझ्याकडे बघणार नाही. राग मानू नकोस. बघितलं की हो म्हणावंसं वाटतं."

उरलेल्या गोळ्या मी त्याच क्षणी पट्टीतून काढून मोरीत टाकल्या.

ओठ थांबले नाहीत.

तीन आठवडे गेले. ताई जेवायलाही माझ्याकडे पाठ करून बसू लागली. काही सांगायचं तर मी चिठ्ठी लिहून तिच्या खांद्यावरून पुढे करायचो. "दळण आणलं." "उद्या उशीर होईल." ती न वळता मान हलवायची. बहीण गमवायची नव्हती, म्हणून तिने माझ्याकडे बघावं हा हट्ट मी धरला नाही. रोज स्वतःला समजावत होतो की आज ना उद्या थांबेल.

काल दुपारी दुकानातून जेवायला घरी आलो. ताई ओट्याशी उभी होती, पातेल्यात पळी फिरवत. मी दाराशी थांबलो.

ओठ एकाएकी जोरात हलू लागले. इतके जोरात कधीच हलले नव्हते.

मी तळहात तोंडावर घट्ट दाबला. दुसऱ्या हाताने गळा चाचपला. आवाज नव्हता. श्वाससुद्धा मी रोखून धरला होता.

ताईचा हात थांबला.

"आले हो," ती म्हणाली. वळली नाही. "गॅस तेवढा बंद करते."

बटण फिरल्याची टिक ऐकू आली.

माझ्या तळहाताखाली ओठ स्थिर झाले.