कासिल्दाच्या खिडकीतलं पाखरू

तोरिबिओ घरी निघाला होता तो दारूची बाटली आणायला, एवढंच काम. तीस एप्रिलची रात्र, तीन वर्षांपूर्वीची. वरच्या गावात मी लाकूडकामाला होतो तेव्हा हा माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून. त्यानं स्वतः मला सांगितलं, आणि तो बाता मारणारा गडी नव्हे. दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली तरी त्याला घाम फुटतो. तेव्हा मधेच खिदळायचं नाही. खिदळायचं असेल त्यानं आत्ताच घरी जावं... एकट्यानं.

त्या रात्री पोरं दारोदार मे महिन्याची गाणी म्हणत फिरतात, हे काय तुम्हाला सांगायचं? तुम्हीच तर नरडी फोडता. वरच्या गावातही तेच. गाणाऱ्यांना कणकेची तळलेली गोड कडी आणि बडीशेपेची दारू द्यायची पाळी त्या वर्षी तोरिबिओची होती. चिठ्ठ्याही त्याच्याकडेच. एका टोपीत पोरींची नावं, दुसरीत पोरांची. जोडी निघाली की महिनाभर मोडायची नाही. गड्यानं नव्या चिठ्ठ्या लिहायचा कंटाळा केला आणि गेल्या वर्षीच्याच टाकल्या. संध्याकाळी चौकात त्यानंच एका टोपीतून काढून वाचलं, "कासिल्दा." म्हणजे त्याची स्वतःची एकुलती पोर. दुसरीतून निघालं, "फर्मीन."

फर्मीन जानेवारीतच पाईनच्या खोडाखाली चिरडून मेला होता. कासिल्दाशी त्याचं लग्न ठरलेलं. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"पुन्हा काढा की," कुणीतरी म्हणालं.

"निघाली ती निघाली," म्हातारा एलादिओ म्हणाला. "असं कधी झालंय का?"

शेवटी ठरलं, यंदा तिच्या खिडकीखाली कुणी गायचंच नाही.

तर तोरिबिओ घरात शिरला. माडीवर दिवा नव्हता. कासिल्दा अंधारात खिडकीशी बसलेली. खिडकीत जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्यात ते पाखरू. आपल्या पाईनच्या रानातलं, पतंगाच्या जातीचं, हिरवं, पंखांवर तांबड्या नसांचं. ज्याच्यासाठी परदेशी लोक गळ्यात कॅमेरे अडकवून येतात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जातात. गेल्या उन्हाळ्यात फर्मीननंच तिला सुरवंट आणून दिला होता. तिनं त्याला पाईनच्या सुया चारल्या. मग त्यानं पाचोळ्यात कोष केला, हिवाळाभर पडून राहिला, आणि आता त्यातून मादी निघाली होती.

"जेवलीस का गं?"

"तिचं तोंडच चालत नाही, बाबा. ती कुठं जेवते?"

"तिचं मरू दे, मी तुझं विचारतोय. ती बाहेर आल्यापासून तुझ्या पोटात अन्नाचा कण नाही."

"हळू बोला ना. ती बोलावतेय."

बोलावते म्हणजे आवाज काढते असं नव्हे. मादी नुसती बसून राहते. तिच्या अंगाचा वास तुम्हाआम्हाला येत नाही, पण नराला कोसावरून येतो. अंधारातून एकेक नर येत होता, लांब शेपट्यांचा, आणि जाळीवर धडका देत होता. तोरिबिओचा जीव पोरीसाठी तीळ तीळ तुटत होता. सकाळ झाली की हिला कुएन्काला डॉक्टरकडे न्यायचंच, असं मनाशी म्हणत तो कपाटात बाटली शोधायला लागला.

पंखांची फडफड थांबली.

सगळे नर भिंतीला चिकटले होते. निपचित.

आणि खाली कुणीतरी गायला लागलं...

एकच आवाज. ना गिटार, ना पोरांचा दंगा. पोरं तर तेव्हा देवळापाशी, गावाच्या त्या टोकाला. गाणं तुम्हाला पाठ आहे. पोरीचं वर्णन केसांपासून सुरू होतं, खाली खाली पावलांपर्यंत येतं, आणि शेवटच्या कडव्यात विचारायचं, जोडीदार पत्करलास का? तेव्हा खिडकी उघडी असली, तर हो.

केसांचं कडवं झालं. कपाळाचं झालं.

डोळ्यांचं झालं... कासिल्दाचे डोळे मिटले.

"पोरी?"

ओठांचं. ओठ पांढरे पडले.

गळ्याचं... छाती हलायची थांबली.

तोरिबिओ धावला. खाली वाकून पाहिलं. रस्ता रिकामा. दिव्याच्या उजेडात चिटपाखरू नाही. आवाज मात्र थेट खिडकीखालून. हात. कंबर. गुडघे... दारं ओढली तर मधे पिंजरा. त्यानं पिंजरा उचलून खाली भिरकावला.

"फर्मीन!" तो ओरडला. "अरे बाळा, चूक माझी आहे! चिठ्ठी मी टाकली! तिला सोड रे... माझी एकच आहे..."

पावलं.

त्यानं दारं धाडकन लावली. कडी घातली. पाठ टेकून उभा राहिला.

...

...

कासिल्दानं श्वास घेतला. मग हुंदका. मग म्हणाली, "बाबा, भूक लागलीय." आणि तो एवढा दांडगा लाकूडतोड्या तिथंच खाली बसून रडला.

पोर वाचली. आता कुएन्कात बेकरीत कामाला आहे, चांगली गुटगुटीत झालीय. ती खिडकी मात्र तोरिबिओनं त्या रात्रीपासून उघडलेली नाही. परवा त्यानं मला माडीवर नेलं. खिडकीच्या दारावर पाईनच्या राळेचा पंजा आहे, पाचही बोटं. पुसला तरी पुन्हा पाझरतो. दारं आहेत अक्रोडाची, त्यांना राळ कुठली? तोरिबिओनं त्यावर हात ठेवून दाखवला, मीही ठेवला. दोघांचेही हात लहान पडले.

आणि पंजा दाराच्या आतल्या बाजूला आहे.