मोकळी सुटलेली ओळख

मालकिणीने तोंड उघडलं की हमालांचे पाठकणे आपोआप सरळ व्हायचे. नवऱ्यामागे अवजड माल हलवण्याचा धंदा तिने एकटीने वाढवला होता, आणि आता दोन मुलांच्या जोरावर डेटा सेंटरमध्ये सर्व्हर बसवण्याची कामंही घ्यायला लागली होती. थोरला उचलायचा, धाकटा जोडायचा. एकाकडे खांदे, दुसऱ्याकडे डोकं. "देवाने एकाच पोरात दोन्ही घातलं असतं तर माझं एक बाळंतपण वाचलं असतं," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

त्या दुपारी हमाल जेवायला बाहेर गेले होते. बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये तिघंच. जाळीच्या लाद्यांतून गार वारा वर येत होता आणि पंखे एका सुरात घोंघावत होते. मालकीण शाल गुंडाळून एका रिकाम्या खोक्यावर बसली होती. समोरच्या लोखंडी कपाटात एक भली मोठी पेटी, पेटीत खणांसारखे सरकवलेले सर्व्हर, आणि त्या सगळ्यांचा कारभार धाकट्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये.

"एवढ्या जणांना तू एकटा सांभाळणार?"

"तू नाही का आम्हाला सांभाळलंस?" धाकटा हसला. तो डावखुरा, टाइपसुद्धा डाव्याच हाताने करायचा. "यांना स्वतःची ओळख नसते, आई. नाव, पत्ता, कामं, सगळं इथे माझ्याकडे. एक बिघडला की त्याची ओळख काढायची आणि दुसऱ्यावर चढवायची. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही."

"सुनेसारखं म्हण की. सासू आडवी झाली, किल्ल्या हिच्या कमरेला."

"फक्त जुन्याची आधी काढायची. एकच ओळख दोघांवर राहिली तर दोघं एकमेकांचा जीव घेतात."

"आणि त्या दुसऱ्यावर आधीपासून होती, तिचं काय?"

"ती मोकळी सुटते. मग जवळ जो रिकामा बसलेला सापडेल त्याच्यावर जाऊन बसते. तशी सोयच लावून ठेवलीय मी."

"मग झालंच. इथे रिकामी बसलेली मी एकटीच!"

मायलेक हसले. थोरला नाही हसला. त्याची मूठ वळलेली होती, अंगठा आत दुमडून. पाळण्यात असल्यापासून तो मूठ तशीच वळायचा, आणि ती वळली की घरातली ताटली तरी फुटायची, नाहीतर कुणाचं नाक.

"झालं का पुराण?" तो म्हणाला. "आजच्या आज चालू करून द्यायचंय. बिघडलेल्याची ओळख टाक शेजारच्यावर आणि ऊठ."

"आधी काढू दे, दादा. तो अजून पुरता मेला नाहीये."

"मग काय, त्याच्या उशाशी बसू?"

थोरल्याने लॅपटॉप हिसकावला आणि धाकटा नको नको म्हणत असताना बोट आपटलं.

पेटीवरचे हिरवे दिवे एकदम पिवळे झाले. पंख्यांचा सूर चढला, आणखी चढला, दातांत शिरला. तापलेल्या धुळीचा वास सुटला.

"अरे गाढवा!" धाकटा ओरडला. जन्मात पहिल्यांदा थोरल्याला असं बोलला.

थोरला तळहातावर थुंकला. कपाटाची एक लोखंडी पट्टी भिंतीला टेकवलेली होती, ती त्याने उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला आणि धाकटा लाद्यांवर पसरला. रक्त जाळीपर्यंत गेलं, पण खाली गळेना. खालचा वारा त्याला वर लोटत होता. भोकाभोकावर थेंब थरथरत राहिले.

मग थोरल्याच्या चेहऱ्यावरचा राग फडक्याने पुसावा तसा गेला. पट्टी हातातून पडली. तो मांडी घालून बसला, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि त्याचा डावा हात भराभर चालायला लागला. स्वतःची सही करताना घाम फुटणारा थोरला.

"आई, शाल दे ना," तो म्हणाला. "गारठलोय."

घसा थोरल्याचा होता. पण थोरल्याने आईजवळ लाडाने कधी काही मागितलं नव्हतं.

लाद्यांवर पडलेल्या धाकट्याने डोळे उघडले.

"आई, शाल दे ना. गारठलोय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पडलेला फुटक्या डोक्याने सरपटत आला आणि त्याने बसलेल्याचा गळा धरला, डाव्या हाताने. बसलेल्याने त्याचा धरला, डाव्याच हाताने. नखं मांसात गेली. एकाचा कान दुसऱ्याच्या दातांत आला. "सोड, ही माझी आई आहे!" दोघं एकाच श्वासात किंचाळले. आणि पुन्हा तेच. आणि पुन्हा.

मालकिणीने दोघांना माल पारखावा तसं न्याहाळलं. एका अंगात खांदे शाबूत, आणि डोकंही आलेलं. दुसऱ्याची कवटी उघडी.

जुन्याची आधी काढायची.

ती कधी उठली, कधी वाकली, तिला कळलं नाही. पट्टी हातात होती.

ती तळहातावर थुंकली.

पट्टी खाली आली. पुन्हा आली.

दिवे हिरवे झाले.

कपाट अंगावर आलं, असं तिने हमालांना सांगितलं. तिचा शब्द खोडायची कुणाची छाती नव्हती. धाकट्याला पोचवून आले. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने थोरला निवळला. आता हळू बोलतो, डाव्या हाताने जेवतो, आईची उशी नीट करतो. म्हातारीला मात्र सोसवलं नाही, म्हणाले. घरातल्या ताटल्या फुटायला लागल्या होत्या. परवा तिने समाचाराला आलेल्या शेजारणीचं नाक फोडलं.

एका सकाळी मुलगा चहा घेऊन आला. तिने हात पुढे केला, पण कप धरता येईना.

"आई, मूठ उघड ना," तो म्हणाला.

तिने खाली पाहिलं. अंगठा आत होता.

मुलाने कप हळूच टेबलावर ठेवला. मग, लहानपणी धाकटा थोरल्यापासून सरकायचा तसा, भिंतीला पाठ लावून दाराकडे सरकायला लागला.